गाड्या नसलेल्या वाटेने पहिली सायकल टूर: नदीकाठ, समुद्रकाठ आणि नवख्यांना न सांगितलेल्या गोष्टी

पहिल्यांदा लांबच्या टूरला निघणाऱ्या माणसाला सगळ्यात जास्त भीती कसली वाटते, तर मागून येणाऱ्या ट्रकची. बरोबरच आहे ते. म्हणून नदीकाठच्या, कालव्याच्या, बंद पडलेल्या रेल्वेलाइनच्या नाहीतर समुद्राच्या बांधावरच्या ज्या वाटांवर गाड्यांना बंदी असते त्या नवख्यांसाठी एक नंबर. पण मला दोन टूर झाल्यावर जे कळलं ते आधीच सांगून टाकतो: ट्रॅफिक जातं तेव्हा एकटं जात नाही, त्याच्याबरोबर दुकान, पंक्चरवाला, लिफ्ट देणारा टेम्पो असं सगळंच जातं. आणि ट्रकची जागा वारा, चिखल आणि भरती घेतात. खालची सगळी तयारी त्या हिशोबाने आहे.

पायरी १: आधी वाट, सायकल नंतर

लोक उलटं करतात, आधी महिनाभर सायकल शोधतात आणि मग ती कुठे चालवायची ते बघतात. वाट कसली आहे त्यावर टायर ठरतो, सामान ठरतं, किती दिवस लागणार तेही ठरतं.

जुन्या रेल्वेलाइनवर केलेली वाट सगळ्यात सोपी. वाफेच्या इंजिनाला चढ झेपायचा नाही म्हणून लाइन टाकतानाच डोंगर फोडून, भराव घालून उतार एक-दोन टक्क्यांत बसवलेला असतो, त्याचा फायदा आता आपल्या गुडघ्यांना. अमेरिकेतली ग्रेट अलेगेनी पॅसेज ही अशीच वाट, पिट्सबर्ग ते कंबरलँड साधारण २४० किमी, बराचसा भाग नद्यांच्या कडेकडेने. कंबरलँडला ती सीअँडओ (चेसापीक अँड ओहायो) कालव्याच्या वाटेला मिळते आणि तिथून पुढे वॉशिंग्टनपर्यंत आणखी २९७ किमी. आता मजा बघा, नकाशावर दोन्ही वाटा एकच सरळ रेघ दिसतात पण पहिलीवर चुनखडीची बारीक खडी दाबून बसवलेली, पाऊस पडला तरी पाणी निथळून जातं, आणि दुसरी मूळची खेचरांनी होड्या ओढायची वाट, तिच्यावर बऱ्याच ठिकाणी दोन दिवस पाऊस झाला की चिखलाचा लगदा. त्यामुळे "किती किमी" याच्या आधी "कशावरून" हे विचारायचं.

कालव्याची वाट जवळजवळ सपाट असते, फक्त पाण्याची पातळी बदलायचे दरवाजे जिथे असतात तिथे छोटा चढ लागतो. फ्रान्सचा कनाल द्यु मिदी, तुलूज ते सेत २४० किमी, १६८१ मध्ये बांधून झालेला. तुलूजकडचे पन्नासेक किमी गुळगुळीत डांबरी, आणि तेवढंच बघून लोक बारीक टायर घेऊन जातात. पुढे बऱ्याच ठिकाणी माती आणि झाडांची मुळं वर आलेली, सीटवरून उडत उडत जायचं.

नदीकाठ म्हटलं की डॅन्यूब. जर्मनीतलं पासाऊ ते ऑस्ट्रियातलं व्हिएन्ना, सव्वातीनशे किमीच्या आसपास, बऱ्याच भागात दोन्ही काठांनी वाट, मधे मधे माणसं-सायकली पलीकडे नेणाऱ्या छोट्या बोटी. पहिल्या टूरसाठी मला यापेक्षा सोपं काही माहीत नाही.

समुद्राकडे जपानची शिमानामी कायदो, ओनोमिची ते इमाबारी साधारण ७० किमी, बेटाबेटांवरून पुलांनी जाणारी. रस्त्यावर निळी रेघ मारलेली आहे, तिच्यामागे जायचं, चुकायचा प्रश्नच नाही. हिच्यात एकच गोम, पुलांखालून जहाजं जातात म्हणून पूल उंच, आणि प्रत्येक पुलावर चढायला वळणावळणाचा रॅम्प. चढ तीन टक्क्यांच्या आसपास, मारून टाकणारा नाही, पण एकामागून एक पूल येत राहतात. आणि ही सगळी वाट गाड्यांशिवायची नाही हां, पुलांवर बहुतेक ठिकाणी सायकलला वेगळी जागा आहे पण बेटांवर साध्या रस्त्याने जावं लागतं.

माझं मत विचाराल तर पहिली टूर नदीची करा आणि समुद्र दुसऱ्या वेळेला. नदीच्या खोऱ्यात सपाट जागा हवी म्हणून बहुतेक ठिकाणी रेल्वे पण तिच्याच कडेने गेलेली असते, म्हणजे पाय गळाले की जवळच्या स्टेशनला जाऊन बसता येतं. समुद्रकाठ दिसायला भारी पण सावली नाही, वारा जवळजवळ रोजचा, आणि मधे खाडी आली की पुलासाठी आत लांब वळसा.

फक्त एक गैरसमज नको, नदीकाठ म्हणजे कायम सपाट असं नाही. कोरियात इंचॉन ते बुसान ६३३ किमीची प्रसिद्ध वाट आहे, जागोजागी लाल टेलिफोन बूथसारख्या खोल्या, त्यात आपल्या वहीत शिक्का मारून घ्यायचा, लहान मुलासारखी मजा येते. पण ती एका नदीचं खोरं सोडून दुसऱ्या नदीच्या खोऱ्यात जाते आणि दोन खोऱ्यांच्या मधे घाट असणारच. इह्वारयोंग नावाची ती खिंड ५४८ मीटरवर आहे. वाट एका नदीवरून दुसऱ्या नदीवर उडी मारत असेल तर त्या जागेचा चढ-उताराचा आलेख उघडून बघा.

पायरी २: "गाड्या नाहीत" हे तपासून घ्या

माहितीपत्रकावर लिहिलेलं असतं म्हणून धरून चालू नका. जवळजवळ प्रत्येक लांब वाटेत तुकडे निसटलेले असतात, कुठे पूल अरुंद, कुठे शेत कुणाचं तरी खासगी, आणि तिथे तुम्हाला पाच-सात किमी साध्या रस्त्यावर काढून देतात. ओपनस्ट्रीटमॅप या लोकांनी मिळून बनवलेल्या मोफत नकाशावर आधारलेले सायकलचे नकाशे उघडायचे, त्यात बऱ्याच वाटांना डांबर, खडी, माती अशी नोंद असते, आणि मग सॅटेलाइट व्ह्यू मध्ये निसटलेले तुकडे झूम करून बघायचे. शहरात शिरताना आणि शहरातून निघताना सगळ्यात जास्त घोळ होतो, ते दोन तुकडे तर फोनमध्ये सेव्हच करून ठेवा.

नेदरलँड्स, बेल्जियमकडे जाणार असाल तर तिथली नंबरांची पद्धत शिकून घ्या. प्रत्येक चौकाला नंबर, आज मला २३, ४७, ४८, १२ असं जायचंय एवढं चिठ्ठीवर लिहून हँडलला चिकटवायचं की झालं. बेल्जियमच्या लिम्बर्ग प्रांतात १९९५ मध्ये हे सुरू झालं, आणि कल्पना कोळशाच्या खाणीत काम केलेल्या एका इंजिनिअरची.

पायरी ३: कुठल्या टोकाने निघायचं ते वाऱ्याला विचारा

हा भाग नीट वाचा, कारण माझ्या बघण्यात जेवढे नवखे अर्ध्यात परत आले त्यातले बरेच वाऱ्यामुळे आले, चढामुळे नाही.

सगळ्यांना वाटतं नदीच्या प्रवाहाबरोबर गेलं की उतार मिळणार. हिशोब करून बघा, पासाऊ ते व्हिएन्ना सव्वातीनशे किमीत नदी दीडशे मीटरच्या आसपास उतरते, म्हणजे किमीला अर्धा मीटर पण नाही. पायाला काही कळत नाही. वारा मात्र कळतो. तुम्ही ताशी १५ ने चाललाय आणि समोरून ताशी २० चा वारा आहे तर हवेच्या हिशोबाने तुम्ही ३५ ने चाललाय, आणि हवेचा अडथळा वेगाच्या वर्गाने वाढतो, म्हणजे वारा नसताना जेवढा होता त्याच्या पाच पटींहून जास्त. त्यात मागे दोन फुगलेल्या पिशव्या लावलेल्या. तो दिवस तुम्ही ताशी ८-९ ने जाणार आणि संध्याकाळी सायकल विकायचा विचार करणार.

युरोपात बराच काळ वारा पश्चिमेकडून असतो. डॅन्यूब तिथे पूर्वेला वाहते, म्हणून प्रवाह आणि वारा दोन्ही आपल्या बाजूने. फ्रान्सची लुआर नदी मात्र पश्चिमेला अटलांटिकला जाते, त्यामुळे तिथे समुद्राकडून निघून प्रवाहाच्या उलट जाणारे लोक शहाणे. फ्रान्सच्याच ऱ्होन नदीच्या खोऱ्यात मिस्त्राल नावाचा वारा उत्तरेकडून दक्षिणेला सुटतो, त्याच्या विरुद्ध दिशेने जायच्या फंदात पडू नका.

समुद्रकाठी रोजचा एक वेगळा हिशोब पण असतो. शाळेत खारे वारे, मतलई वारे शिकलो होतो ना, परीक्षेनंतर पहिल्यांदा उपयोग इथे होतो. ऊन चढलं की जमीन तापते आणि उशिरा सकाळपासून समुद्राकडून वारा सुरू होतो, दुपारी जोरात, संध्याकाळी पडतो. म्हणून किनाऱ्यावर उजाडताच निघायचं आणि अकरा-बारापर्यंत दिवसाचे दोन तृतीयांश किमी उरकायचे. समुद्राच्या बांधावर वरून आणि खालून अशा दोन वाटा असतील तर वारा येतो त्याच्या विरुद्ध बाजूला, बांधाच्या आडोशाने खालून चला. वरून दिसतं छान, ते फोटोपुरतं ठेवा.

पायरी ४: भरतीचं वेळापत्रक

नदीची टूर करणाऱ्यांनी पण वाचा, कारण नदीच्या मुखाशी भरतीचं पाणी आत येतं आणि काठावरचे सखल तुकडे त्यात जातात.

भरती आणि ओहोटीत साधारण सव्वासहा तासांचं अंतर, आणि दुसऱ्या दिवशी तीच वेळ सुमारे ५० मिनिटांनी पुढे सरकते. म्हणजे काल नऊ वाजता वाट कोरडी होती हे आज नऊला खरं असेलच असं नाही. अमावस्या-पौर्णिमेच्या आसपास उधाण, पाणी जास्त वर येतं आणि जास्त आत पण जातं, अष्टमीच्या आसपास भांगाची भरती, तेव्हा कमी. आणि पाणी एकसारख्या वेगाने चढत नाही, पहिल्या तासात थोडंसं, मधल्या दोन तासांत मिळून जवळजवळ अर्धं. नवखे फसतात ते इथेच, पहिल्या तासात हळूहळू येतंय बघून म्हणतात अजून वेळ आहे.

फ्रान्समध्ये नोआरमुतिए बेटाला जाणारा पासाज द्यु ग्वा नावाचा चारेक किमीचा दगडी रस्ता आहे, दिवसातून दोनदा पूर्ण पाण्याखाली जातो. ओहोटीच्या वेळेच्या दीड तास आधी ते दीड तास नंतर एवढाच पार करायचा, वेळा दोन्ही टोकांना फलकावर लिहिलेल्या, आणि मधे मधे अडकलेल्यांना चढून बसायला उंच खांब आणि मचाणं. १९९९ च्या टूर द फ्रान्स या सायकल शर्यतीत शेवाळलेल्या दगडांवर इथे मोठी घसरगुंडी झाली, आलेक्स झ्युले सारखा तगडा रायडर त्या एका दिवसात सहा मिनिटांहून जास्त मागे पडला. ते लोक घसरतात तर सामान लादलेले आपण कोण. १९७१ पासून बेटाला पूल आहे, मनात जरा जरी शंका आली तर पुलाने जा.

खाडी ओलांडायच्या बोटींचं पण वेळापत्रक सिझनप्रमाणे बदलतं. मी एकदा उन्हाळ्याचं वेळापत्रक बघून धक्क्यावर पोचलो तर शेवटची बोट तासाभरापूर्वीच गेलेली, समोरचं गाव हाक मारली तर ऐकू जाईल इतकं जवळ आणि पुलाने तीसच्या वर किमी. तेव्हापासून बोट असेल त्या दिवशी मी बोटीच्या वेळेपासून उलटा दिवस आखतो.

पायरी ५: रोज किती

सामान असलेल्या सायकलवर नवख्याचा वेग ताशी १३ ते १५, पण थांबणं, फोटो, पाणी, चुकलेलं वळण धरलं तर हाताशी ताशी १० च लागतात. म्हणून रोज ४० ते ५० किमी, पहिल्या दिवशी ३०, आणि चौथ्या दिवशी अर्धा दिवस सुट्टी. घरी एका दिवसात ८० केले होते वगैरे सांगू नका, दुसऱ्या दिवशी परत बसायचं नव्हतं तेव्हा.

सपाट वाटेचं एक दुखणं कुणी सांगत नाही. चढ-उताराच्या रस्त्यावर आपण उभं राहून मारतो, उतारावर पाय थांबवतो, शरीर आपोआप हलतं. कालव्याच्या वाटेवर चार तास एकाच पोझमध्ये एकसारखं पायडल, त्यामुळे बूड आणि तळहात आधी बोंबलतात, पाय नंतर. दर दहा मिनिटांनी अर्धा मिनिट उभं राहून मारा, हँडलची पकड बदलत राहा. सीटची उंची टाचेने बघायची, पायडल सगळ्यात खाली असताना टाच त्यावर टेकली पाहिजे आणि पाय सरळ झाला पाहिजे. पॅडवाली चड्डी घ्या आणि तिच्या आत दुसरं काही घालू नका, हे लाजून कुणी विचारत नाही आणि मग साल निघते.

पायरी ६: सायकल आणि सामान

महागडी टूरिंग सायकल नको. टायर ३५ ते ४५ मिमी, एक हलका गिअर, धड ब्रेक, मागे कॅरिअर बसवायला भोकं आणि मडगार्ड, एवढं असलेली कुठलीही चालेल. टायरच्या कडेला जास्तीत जास्त हवेचा आकडा असतो, खडीवर तेवढी भरायची गरज नाही, थोडी कमी ठेवलीत तर दणके कमी बसतात. इलेक्ट्रिक सायकलवाल्यांनी एक लक्षात ठेवा, १६० वॉट-अवरच्या वरची बॅटरी प्रवासी विमानात नेता येत नाही आणि सायकलच्या बॅटऱ्या सहसा त्याहून बऱ्याच मोठ्या असतात, तेव्हा विमानाने जाणार असाल तर तिथेच भाड्याने घ्या. शिमानामीसारख्या ठिकाणी तर भाड्याची साधी सायकल दुसऱ्या टोकाला परत करता येते.

सामान १० किलोच्या आसपास, तंबू नसेल तर त्याहून कमीच. जड वस्तू तळाला, दोन्ही बाजूंचं वजन सारखं, पाठीवर काही नाही. कपडे कमी करा, हत्यारं कमी करू नका: दोन ट्यूब, पॅच, टायर काढायच्या पट्ट्या, पंप, अ‍ॅलन की चा सेट, चेनची एक जोडकडी, आठ-दहा प्लास्टिकच्या झिप टाय. आणि पंक्चर घरी काढून बघा, मागच्या चाकाचं, तेही दोनदा. नवी ट्यूब घालायच्या आधी टायरच्या आतून बोट फिरवून काटा शोधायचा, नाहीतर पाच मिनिटांत तोच काटा नवीन ट्यूबला.

लाइट दिवसाच्या टूरला पण लागतो. जुन्या रेल्वे आणि कालव्यांना बोगदे असतात, सीअँडओ वरचा पॉ पॉ बोगदा ९५० मीटर आहे आणि आत मिट्ट काळोख. चष्मा पण घ्या, संध्याकाळी पाण्याजवळ चिलटांचे ढग असतात आणि तोंड उघडं ठेवून गाणं म्हणायची सवय त्या दिवशी सुटते.

पाणी तासाला अर्धा लिटर धरा. वाट गावाच्या बाहेरून जाते म्हणून दुकान एक किमी आत असतं आणि आपल्याला दिसतच नाही, त्यामुळे सकाळीच दुपारपर्यंतचं खाणं भरून निघा. सीअँडओ वर दर आठ-बारा किमीवर फुकट कॅम्पची जागा आणि हातपंप आहेत पण थंडीत पंप बंद असतात, असलं काहीतरी प्रत्येक वाटेचं असतं.

निघायच्या दोन आठवडे आधी एका शनिवार-रविवारी सगळं सामान लादून लागोपाठ दोन दिवस चालवून बघा. रविवारी सकाळी जे दुखेल ते खरं.

पायरी ७: वाटेवर

गाड्या नाहीत म्हणजे वाट आपली नाही. चालणाऱ्यांचा हक्क पहिला, घंटी लांबूनच वाजवायची, अगदी मागे जाऊन वाजवली तर माणूस दचकून नेमका आपल्या पुढ्यात उडी मारतो. घोडा असेल तर घंटी नको, तोंडाने बोला आणि हळू जा. कुत्रा वाटेच्या एका बाजूला आणि मालक दुसऱ्या बाजूला असेल तर मधे पातळ दोरी आहे असं धरूनच चाला. कालव्यावर मासे धरणारे लांबलचक गळ आडवे टाकून बसतात, ते डुलक्या घेत असतात, आपण जागं राहायचं.

गाड्या अडवायला लावलेल्या फाटकांत पिशव्या अडकतात, उतरून ढकला. ओली लाकडी फळी, ओली पानं, रूळ, या तिन्हींवर वळायचं नाही आणि ब्रेक पण नाही, रूळ तर काटकोनातच ओलांडायचा.

पूर आला तर सगळ्यात आधी पुलाखालून जाणारे तुकडे बुडतात आणि पाणी उतरल्यावर तिथे गाळाचा साबण होतो. पाणी साचलंय आणि तळ दिसत नाही तर आत घालू नका. वर धरण असेल तर आपल्याकडे कोरडं ऊन असतानाही नदी चढू शकते, तिथले फलक आणि भोंगे मनावर घ्या.

परतीचा मार्ग रोज रात्री बघून ठेवा, उद्याच्या वाटेवर स्टेशन कुठे, आणि त्या गाडीत सायकल घेतात का. कित्येक गाड्यांना सायकलसाठी वेगळं बुकिंग लागतं आणि जागा पाच-सहाच असतात, सुट्टीच्या दिवशी सगळ्यात आधी त्याच संपतात.

पायरी ८: रोज संध्याकाळी दहा मिनिटं

सायकल धुणं-पुसणं नदीवर एखाद्या दिवशी राहिलं तर चालेल, समुद्रावर नाही. पुळणीवरून सायकल मारायचा मोह होतो, फोटो पण भारी येतात, पण ओली वाळू चेनमध्ये गेली की पॉलिशपेपरचं काम करते. गोड्या पाण्याची बाटली घेऊन चेन, गिअर, ब्रेक, बोल्ट धुवा, प्रेशरचा पाइप लावू नका, त्याने मीठ बेअरिंगच्या आत जातं. फडक्याने कोरडं करा आणि मगच तेल, दर कडीला थेंब, आणि वरचं पुसून टाका नाहीतर उद्याची वाळू त्यालाच चिकटते. रिमचे ब्रेक असतील आणि करकर आवाज येत असेल तर पॅड काढून त्यात रुतलेले खडे टाचणीने उकरा, तसेच ठेवलेत तर रिम खातात. सीटचा दांडा मात्र घरूनच ग्रीस लावून बसवून आणा, खाऱ्या हवेत तो फ्रेममध्ये असा धरतो की नंतर दुकानदार पण हात जोडतो.